कोंबडीच्या पाठीवरची झूल: घ्या, पण आधी कोंबडे मोजा

विकत घेतलं ते असं: कोंबडा चढताना त्याची नखं लागू नयेत म्हणून कोंबडीच्या पाठीवर घालायच्या कापडी झुली, चार नगांचं पाकीट. विकणारे त्यांना ‘हेन सॅडल’ म्हणतात, कुणी ‘हेन एप्रन’ म्हणतात. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. अशा झुली बरेच जण विकतात, साचा सगळ्यांचा जवळपास एकच. शिवाय माझं जे म्हणणं आहे त्यातलं निम्मं झुलीबद्दल आणि निम्मं ती घ्यायची वेळ ज्यांच्यामुळे येते त्या नर कोंबड्यांबद्दल आहे. पाचपैकी साडेतीन तारे, तेही एका अटीवर. अट पुढे सांगते.

मागवल्या त्या तांबडीसाठी. आमच्या परसातली ही सगळ्यांत गरीब कोंबडी, पाठीवर हात ठेवला की बसकण मारणारी. शेपटीच्या बुडापासून पंखांच्या मुळापर्यंत तिची पाठ उघडी पडली होती. कातडी लालसर, जाडसर झालेली, आणि कडेला तुटक्या पिसांचे खुंट. काजळी नि भुरी या आणखी दोघी कोंबड्या त्याच वाटेवर होत्या. डोक्यामागची पिसं तिघींचीही विस्कटलेली. पिसं गेली की आधी बाकीची कारणं तपासावीत, तशी तपासली. पिसांच्या बुडाशी उवांच्या लिखा नव्हत्या. रात्री बॅटरी घेऊन खुराड्यातल्या दांड्यांच्या फटी पाहिल्या, लाल किडे नव्हते. पिसं झडायचा हंगाम लांब होता, आणि तसा असता तर मान, छाती, शेपूट सगळीकडूनच झडली असती, नेमकी पाठच नव्हे. राहता राहिले कोंबडे. तेरा कोंबड्या आणि तीन कोंबडे.

हा आकडा कुणी हौसेने जमवलेला नव्हता. आधी सात कोंबड्या आणि एक कोंबडा, असं छान चाललं होतं. मग भुरी खुडूक झाली, तिच्याखाली अंडी ठेवली, एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली. पिल्लांत नर-माद्या साधारण निम्म्या-निम्म्या निघणार हे ठरलेलंच असतं. अकरा जगली, त्यांत पाच नर. त्यांचे तुरे लाल व्हायला लागले, घशातून फाटका आवाज निघायला लागला, तशी मी न्यायला माणसं शोधायला लागले. तलंग, म्हणजे अंड्यावर यायची कोवळी कोंबडी, देते म्हटलं की चार जण पिशवी घेऊन हजर होतात. कोंबडा देते म्हटलं की त्याच चौघांना घरची कामं आठवतात. तीन गेले, दोन राहिले. थोरला सुभेदार आणि हे दोन पोरगे, फेट्या आणि बारक्या.

ज्यांनी कोंबड्या पाळलेल्या नाहीत त्यांना सांगते. कोंबडा चढतो म्हणजे खरोखर कोंबडीच्या पाठीवर उभा राहतो. चोचीने तिच्या डोक्यामागची पिसं धरतो, तोल सावरायला पाठीवर पाय मारत राहतो, मग शेपूट वळवून काम उरकतो आणि उतरतो. काही सेकंदांचा मामला. पण तेवढ्यात त्याचा सगळा भार तिच्या पाठीवर आणि पंखांच्या मुळांवर येतो, आणि नखं घट्ट रोवलेली असतात. एका कोंबड्याचं हे दिवसातून दहा-वीस वेळा सहज होतं. थोड्याफार चढण्याने पीस तुटत नाही. पण एकाच पाठीवर रोज, तेही तिघे पाळीपाळीने, म्हटल्यावर काय शिल्लक राहणार?

त्यातही कोवळ्या नरांचा ताप वेगळा. सुभेदार आधी एक पंख खाली सोडून कोंबडीभोवती अर्धं रिंगण घेतो. ती बसली तर चढतो, चालू पडली तर बहुतेक वेळा सोडून देतो. पोरग्यांना रिंगणबिंगण ठाऊक नाही. मागून धावत यायचं आणि हाताला, म्हणजे चोचीला, लागेल ते पीस धरायचं. शिवाय हे पोरगे आपल्या बरोबरीच्या तलंगांपेक्षा लवकर वयात येतात. ज्यांनी अजून पहिलं अंडंही घातलेलं नाही त्यांच्या मागे लागतात. तलंगा बिचाऱ्या किंचाळत सुटतात आणि तो आरडाओरडा ऐकून बाकीचे दोघे धावून येतात. वाचवायला नव्हे, रांगेत.

आता झूल. शिवणकामात माझा जन्म गेला, त्यामुळे पाकीट फोडल्याबरोबर पहिली झूल उलटी करून पाहिली. वर जाड कॅनव्हास, आत सुती अस्तर, कडेला फिरती पट्टी. मानेकडे निमुळती, शेपटीकडे रुंद. दोन बाजूंना इलॅस्टिकचा एकेक फास, त्यातून पंख बाहेर काढायचा आणि फास पंखाच्या मुळाशी बसवायचा. पंखांच्या मुळावर येतील अशा दोन जादा पाकळ्या वरून शिवलेल्या. या पाकळ्या असलेलीच झूल घ्या. विकणाऱ्यांच्या फोटोत नुसतं पाठीवरचं कापड दिसतं, पण कोंबड्याचे पाय निम्म्या वेळा खांद्यावर येतात आणि पाकळ्या नसल्या की पाठ वाचते नि खांदे सोलले जातात. भुरीचे खांदे पाठीआधी गेले होते.

टाके सरळ आहेत, कॅनव्हास एका धुण्यात आटला नाही, रंग गेला नाही. अर्धा तारा कापला तो इलॅस्टिकसाठी. फासाचं टोक अस्तराच्या आत दुमडून घ्यायला हवं होतं. यांनी ते तसंच वर ठेवून एकेरी टीप मारली आहे. इलॅस्टिकची कापलेली कड नेमकी पंखाखालच्या मऊ कातडीला घासते. तिथे पिसं विरळ असतात, पटकन सोलवटतं. मी चारही झुलींची टोकं उसवून आत घेतली आणि दुहेरी टीप मारली. ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांनी निदान त्या कडेवर मऊ सुती पट्टी हाताने टाचावी. आणखी एक तक्रार मापाची. ‘सर्व कोंबड्यांसाठी एकच माप’ असं छापलेलं आहे. तांबडी अंगाने भरलेली, तिला चपखल बसली. भुरी चणीने लहान, तिच्यावर झूल शेपटीपर्यंत गेली. त्यात वाईट असं की शेपटीच्या बुडाशी वरच्या बाजूला कोंबडीची तेलाची गाठ असते. चोचीने ती दाबून तेल घेते आणि पिसांवर फिरवते, म्हणून पावसात पिसं एकदम भिजत नाहीत. ती गाठच झाकली गेली तर कोंबडी दिवसभर मान वळवून वळवून झुलीचं टोक चोचीने उचलत बसते. भुरीची झूल मी मागून दोन बोटं कापून पट्टी परत लावली. दोन मापांत विकायला काय हरकत आहे?

चारपैकी दोन झुलींवर मोठाले पिवळे डोळे छापलेले आहेत. घार घाबरते म्हणे. घारीचं मला सांगता यायचं नाही, सुभेदार मात्र सकाळी दार उघडल्यावर तांबडीची पाठ पाहून असा काही दचकला की मान ताठ करून तिच्याकडे एका डोळ्याने बघत उभा राहिला. दुपारपर्यंत त्याची भीड चेपली.

घालायची ती रात्री. कोंबड्या दांड्यावर बसल्या, अंधार पडला, की त्या हातात शांत राहतात. कोंबडी डाव्या बगलेत घ्यायची, तोंड मागे, एक पंख बोटांनी मिटून फासातून न्यायचा, मग दुसरा. फास पंखाच्या मुळाशी सपाट बसला पाहिजे, पीळ राहता कामा नये. फासाखालून दोन बोटं सहज गेली पाहिजेत. सैल असेल तर पाय अडकतो, घट्ट असेल तर पंख उघडत नाही आणि कोंबडी दांड्यावरून उतरताना धप्पकन पडते. घालून झाली की बोटाने अडकलेली पिसं झुलीखालून मोकळी करायची. आमचे हे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, “आता यांची मापं पण वहीत लिहून ठेवतेस का?” ठेवली होती, पण सांगितलं नाही.

सकाळी काजळी उलट्या पावली चालत बाहेर आली. बहुतेक कोंबड्या असंच करतात. अंगावर काही आहे असं वाटून मागे मागे सरकतात, मग भिंतीला टेकून थांबतात, मग दाणा दिसला की विसरतात. बाकीच्या येऊन झुलीला चोच मारून बघतात. तेवढ्यावर निभावतं.

कामगिरी कशी? जे काम करायचं ते झूल चोख करते. नखं कॅनव्हासवर घसरतात, कातडीला लागत नाहीत. तांबडीच्या पाठीचा लालपणा लवकरच उतरला, आणि पुढच्या आठवड्यांत पिसांचे निळसर कोंब दिसायला लागले. काजळीच्या पाठीत मात्र काही फरक नाही. याचं कारण झूल नव्हे. पीस मुळासकट उपटलं गेलं असेल तर त्या जागी काही आठवड्यांत नवं येतं. मधोमध तुटलं असेल तर खुंट तसाच राहतो; वर्षातून एकदा दिवस लहान व्हायला लागले की जुनी पिसं झडतात, तेव्हाच तो खुंट पडतो आणि नवं पीस येतं. तांबडीची उपटली गेली होती, काजळीची तुटली होती. ‘महिनाभर घातली, एक पीस आलं नाही’ असं लिहून एक तारा देणाऱ्यांनी आपल्या कोंबडीच्या पाठीवर हात फिरवून खुंट लागतात का पाहावं.

आणि हे कोंब फार नाजूक असतात. वाढत्या पिसाच्या देठात रक्त असतं, मोडला की भळाभळा वाहतं, आणि लाल दिसलं की बाकीच्या कोंबड्या तुटून पडतात. त्या काळात झूल खरी उपयोगी पडते. उघड्या जखमेवर मात्र झूल घालू नका. खाली ओल राहते, माशी बसते, आणि अळ्या पडेपर्यंत आपल्याला पत्ता लागत नाही. जखम असेल तर कोंबडी वेगळी ठेवायची, मिठाच्या कोमट पाण्याने धुवायची, भरून आली की मग झूल. जखम खोल असेल तर डॉक्टरला दाखवायचं.

इथपर्यंत वाचून वाटेल की मग साडेचार तारे द्यायला काय झालं होतं. सांगते.

झुली घातल्यावर पाठी झाकल्या गेल्या आणि आमचं लक्ष दुसऱ्या गोष्टींकडे गेलं. तांबडी सकाळी दांड्यावरून उतरतच नव्हती. काजळी अंडी घालायच्या खोक्यात जाऊन बसायची, अंडं घालायला नव्हे, लपायला. दोन तलंगा कोठीच्या छपरावर दिवस काढायच्या. दाणा टाकला की सगळ्या यायच्या, चार टोच मारायच्या, आणि पोरगे पुढे आले की पळायच्या. अंडी कमी झाली होती. झूल घातल्याने चढणं काही कमी झालं नव्हतं. त्याचे व्रण तेवढे दिसेनासे झाले. धाकटी नणंद आली होती, तिच्याकडे बऱ्याच वर्षांपासून कोंबड्या आहेत. दहा मिनिटं परसात उभी राहिली आणि म्हणाली, “वहिनी, कपडे छान शिवलेत. पण दोन कोंबडे काढल्याशिवाय या खाली उतरायच्या नाहीत.”

हे मलाही कळत होतं. अडलं होतं ते काढायचे कुठे यावर.

प्रमाणाचा साधा अंदाज सगळेच सांगतात: एका कोंबड्यामागे दहा कोंबड्या. हलक्या, चपळ जातींत दहा-बाराही चालतात. जड, संथ जातींत सहा ते आठ. पण हे आकडे मुळात पिल्लं काढणाऱ्यांचे आहेत. एक कोंबडा किती कोंबड्यांची अंडी फळवू शकेल, हा तिथला प्रश्न. ज्यांना पिल्लं नकोत त्यांच्यासाठी प्रश्नच वेगळा: एका कोंबडीच्या वाट्याला किती कोंबडे यावेत? अंडं घालायला कोंबडी कोंबड्यावर अवलंबून नसते. कोंबडा नसला तरी ती तितकीच अंडी घालते, फक्त ती फळत नाहीत. तेव्हा ज्याला नुसती अंडी हवीत त्याचं शून्य कोंबड्यांवर उत्तम चालतं. कळपातली वरचढ कोंबडीच मग थोडी कोंबड्याची कामं करायला लागते, पुढे चालते, भांडणं मोडते. आणि पिल्लांसाठी म्हणून जास्त कोंबडे ठेवणाऱ्यांचाही हिशेब फसतो, कारण गर्दी झाली की एक चढला की दुसरा त्याला ढकलून पाडतो आणि कुणाचंच काम पुरं होत नाही. कळपात एका कोंबड्यावर बाकीची सगळी खोगीरभरती.

आमचं प्रमाण चारास एक पडत होतं. पण तो भागाकारही फसवा आहे. कोंबडे कोंबड्या समसमान वाटून घेत नाहीत. आमच्या तेरांपैकी तिघी अंड्यांवरून उतरलेल्या म्हाताऱ्या, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. दोघी अशा तिखट की सुभेदारही त्यांच्या वाटेला जात नाही. उरल्या आठ. त्यांतल्या तांबडी, काजळी, भुरी हात पुढे केला की बसणाऱ्या, म्हणून तिघांच्याही आवडत्या. जिची पाठ उघडी पडते ती नेमकी तुमची सगळ्यांत माणसाळलेली कोंबडी असते, याचं हेच कारण.

कुठला ठेवायचा यावर घरात मतभेद. यांना फेट्या हवा होता, दिसायला देखणा, तुरा भला मोठा, पिसांवर हिरवी झाक. मी आठवडाभर दाणा टाकताना बघत बसले. सुभेदार किडा सापडला की तो चोचीत घेऊन खाली टाकतो, परत उचलतो, कुटकुट आवाज करून कोंबड्यांना बोलावतो आणि बाजूला सरकतो. फेट्या स्वतः खातो. आणखी एक. वर घार आली तर कोंबड्याचा इशारा एका तऱ्हेचा असतो, जमिनीवरून कुत्रं-मांजर आलं तर निराळ्या तऱ्हेचा. कोंबड्या पहिल्याला दबून बसतात, दुसऱ्याला मान ताठ करून ओरडायला लागतात. सुभेदाराचे दोन्ही इशारे पक्के. फेट्या विमानालाही ओरडतो. शिवाय माणसाच्या पिंडरीवर झेप घ्यायला त्याने सुरुवात केली होती. मी सुभेदार ठेवला. तुमच्याकडे कोंबडे जास्त असतील तर तुऱ्यावर जाऊ नका. कोण बोलावून खाऊ घालतो आणि कोण किंचाळत सुटलेलीच्या मागे धावतो, एवढं बघा.

कुणाला प्रजा हवी म्हणून कोंबडा बदलायचा असेल तर एक लक्षात ठेवा. कोंबडीच्या अंडनलिकेत बारीक नळ्या असतात, त्यांत वीर्य साठून राहतं. कोंबडा काढला तरी दोन आठवडे, कधी तीन आठवडेसुद्धा, फळलेली अंडी मिळत राहतात. तेव्हा नव्या कोंबड्याची पिल्लं हवी असतील तर तेवढे दिवस थांबून मगच अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवावीत.

बारक्याला नणंदच घेऊन गेली, तिच्याकडे जागाही मोठी आणि कोंबड्याही भरपूर. फेट्याला कुणी घेईना. त्याच्यासाठी परसाच्या दुसऱ्या टोकाला जाळीचं वेगळं घर केलं. असं नुसत्या नरांचं घर नीट चालतं, अगदी चार-पाच जण एकत्र राहतात, पण अट एकच: तिथून कोंबड्या दिसता कामा नयेत. दिसल्या की मारामाऱ्या. आम्ही जाळीला खालून अर्ध्यापर्यंत पत्रा लावला. आरवायचा मात्र बंद होत नाही. जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं की पहाटे पहिली बांग कळपातला सगळ्यांत वरचा कोंबडा देतो आणि बाकीचे आपापल्या पायरीने मागून. आमच्याकडे सुभेदार सुरू करतो, पलीकडून फेट्या ओढतो. ज्यांचे शेजारी जवळ आहेत त्यांना दुसऱ्या कोंबड्याची सोय म्हणजे झोपेचा प्रश्न आहे, तोही मोजून घ्या.

दोन कोंबडे ठेवायचेच असतील तर वीसेक कोंबड्या, मोकळी जागा, आणि दाण्याची नि पाण्याची भांडी दोन ठिकाणी, अशी की एका भांड्यापाशी उभ्या कोंबड्याला दुसरं दिसणार नाही. खालच्या पायरीवरच्या कोंबड्याला नजरेआड व्हायला आडोसा हवा. चार फळ्या उभ्या केल्या तरी पुरतात.

दोघे गेल्यावर परसात जो फरक पडला तो कुठल्याही कापडाने पडला नसता. तलंगा छपरावरून उतरल्या. तांबडी सकाळी इतरांबरोबर बाहेर यायला लागली. दुपारी सगळ्या मातीत लोळतात ते परत सुरू झालं. घाबरलेली कोंबडी धुळीत आडवी होत नाही. भुरीची झूल काढून टाकली, परत लागली नाही.

पण तांबडीची काढली आणि थोड्याच दिवसांत नवे कोंब परत मोडायला लागले. बारा जणी असूनही सुभेदाराची लाडकी तीच. प्रमाण बरोबर असलं तरी आवडनिवड राहतेच, आणि नेमक्या या एका कोंबडीसाठी झूल हे खरं औषध आहे. म्हणून साडेतीन. जास्त कोंबडे तसेच ठेवून सगळ्या कोंबड्यांना झुली चढवणाऱ्यांसाठी याच वस्तूला मी दोनच तारे देईन. अट म्हणाले होते ती हीच: आधी कोंबडे कमी करा, मग जिची पाठ तरीही भरत नाही तिच्यासाठी एक घ्या. चारचं पाकीट लागत नाही. एक अंगावर, एक धुवायला, एवढं बस.

झुलीबरोबर कोंबड्याच्या पायाकडेही बघा. पायामागचा काटा आयुष्यभर वाढतो. सुभेदाराचे काटे टोकदार झाले होते. त्यांची टोकं कानशीने घासून बोथट केली. नुसतं टोकच. काट्याच्या आत हाड असतं, रक्त असतं, मुळाशी कापायला गेलात तर अनर्थ. नखांचीही टोकं तशीच घासली. हे झुलीपेक्षा स्वस्त आणि सगळ्याच कोंबड्यांच्या उपयोगाचं.

पुढच्या वेळी पिल्लं वाढवायची तर नर किती निघतील हा जुगारच. एक दिवसाची पिल्लं नर-मादी निवडून विकणारे असतात. शेपटीखालची जागा उघडून बारीक उंचवट्यावरून ओळखायची ती पद्धत जपानमध्ये शंभरेक वर्षांपूर्वी बसवली गेली, आणि हात बसलेला माणूस शंभरातली पंच्याण्णवच्या वर बरोबर सांगतो. तरी शंभर नाही. काही संकरित जातींत नर-मादीचा रंगच जन्मतः वेगळा असतो, तिथे फसगत कमी. न निवडलेली पिल्लं घेत असाल तर निम्मे कोंबडे कुठे जाणार ते पिल्लं आणायच्या आधी ठरवा. तुरा लाल झाल्यावर ठरवायला बसलात तर झुली शिवायची वेळ येते.

सांभाळायचं म्हणाल तर, आठवड्यातून एकदा झूल काढून पाठ आणि पंखाखालची जागा बघा. तांबडीच्या झुलीखाली एकदा उवा झाल्या होत्या. कापडाखाली ऊब असते आणि मातीत लोळताना अंगावर घेतलेली धूळ पिसांच्या बुडापर्यंत पोचत नाही, त्यामुळे उवांना आयतंच घर मिळतं. पावसात भिजली की लगेच बदला, कॅनव्हास वाळायला वेळ लागतो. कडक उन्हात दुपारी काढून ठेवा. पिसं झडायच्या दिवसांत तर घालूच नका, त्या वेळी कोंबडीचं सगळं अंग हुळहुळं असतं आणि नवे कोंब कापडाखाली दुमडतात. आणि पाकिटात लाल टिचबटणांची एखादी झूल आली तर बटणं आधी उसवून टाका, तपकिरी लावा. लाल ठिपका दिसला की बाकीच्या बारा जणी तो टोचून काढेपर्यंत थांबत नाहीत.